कागदाचा कल, पानाची शीर

२०१८च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकच्या जोडीनं थर्माकोलवरही बंदी आणली आणि त्या वर्षीच्या गणपतीत मखर करणाऱ्या हौशी मंडळींची पंचाईत झाली. तोवर घरगुती आरास म्हणजे थर्माकोल हे इतकं ठरून गेलं होतं, की दुसरं काही वापरता येतं याचाच विसर पडला होता. तापलेली तार फिरवावी आणि हवा तो आकार कापून घ्यावा. खांब, कमान, कमळ, कैलास पर्वत, सगळं एकाच पांढऱ्या ठोकळ्यातून निघे. बंदीनंतर पुष्कळ घरांत टीव्ही-फ्रिजची रिकामी खोकी माळ्यावरून खाली आली, आणि पुठ्ठा हट्टी निघाला. एका बाजूनं तो सहज गोल वळतो, दुसऱ्या बाजूनं वळवायला गेलं की मधोमध मोडतो, कारण त्याच्या पोटातल्या लाटा एकाच दिशेनं धावत असतात. ओला हात लागला की थर सुटे होतात. फाडला तर कडेला फिकट, कुसळांची झालर उरते. कात्रीनं कापलेल्या कडेला ती कधीच येत नाही. थर्माकोल सांगाल ते ऐकतो. पुठ्ठ्याशी बोलणी करावी लागतात.

हे पुस्तक त्या बोलण्यांबद्दल आहे, असं हस्तलिखित वाचताना मला वाटत राहिलं. वरवर पाहता विषय साधा: घरात आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सामानातून निसर्गाची चित्रं करायची. घोटीव कागद, पतंगाचा कागद, खोकी, शिंप्याकडच्या चिंध्या, लोकर, सुतळी, खळ, फेव्हिकॉल, पोस्टर कलर, उरलेल्या चहाचं पाणी. चित्रकार याला मिश्र माध्यम म्हणतात. शाळेत याचंच नाव कार्यानुभव असतं आणि वेळापत्रकात त्याच्या वाट्याला शेवटचा तास येतो, तोही गणिताच्या सरांनी मागून घेतला नाही तर. अशा विषयावरची पुस्तकं बाजारात कमी नाहीत, पण त्यांतल्या बहुतेकांत कृती असते, पाहणं नसतं. या पुस्तकात पाहणं आहे, आणि तेही दुहेरी. पान जितकं न्याहाळायचं तितकाच कागदही न्याहाळायचा. निसर्गातली एखादी गोष्ट दिसते कशी यापेक्षा ती वागते कशी हे आधी ओळखावं आणि मग तशीच वागणारी वस्तू घरात शोधावी, यावर लेखिकेचा सगळा भर आहे.

मेरी डेलनी या इंग्रज बाईंचं काम मला या संदर्भात सारखं आठवतं. त्यांचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षी घरच्यांनी साठीच्या एका जमीनदाराशी लग्न लावून दिलं आणि पंचविशीच्या आसपास त्या विधवा झाल्या. पुढे त्यांनी आयर्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाशी दुसरं लग्न केलं. तेही १७६८ साली वारले. त्यानंतर त्या बराच काळ आपली मैत्रीण, पोर्टलंडची डचेस, हिच्या बुलस्ट्रोड इथल्या हवेलीत राहत. या डचेसला शंख-शिंपल्यांपासून झाडाझुडपांपर्यंत सगळ्याचा संग्रह करण्याचा नाद होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य डॅनियल सोलँडर तिच्या संग्रहाची नोंद करायला होता, जोसेफ बँक्सचीही ये-जा असे. १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, डेलनीबाईंच्या लक्षात आलं, की समोर पडलेला लाल कागदाचा तुकडा आणि जवळच्या जिरेनियमची पाकळी यांचा रंग एकच आहे. त्यांनी कात्री घेतली आणि कागदाच्या पाकळ्या कापल्या. डचेस खोलीत आली तेव्हा तिला त्या खऱ्याच वाटल्या.

पुढची दहा वर्षं, नजर अधू होईपर्यंत, डेलनीबाई हेच करत होत्या. त्यांची ९८५ कागदी फुलं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळ्या रंगानं माखलेल्या कागदावर एकेक फुलझाड, आणि ते घडवलेलं रंगीत कागदाच्या शेकडो बारीक तुकड्यांतून. हिरव्या पानाच्या उजेडातल्या भागाला एक हिरवा, सावलीतल्या भागाला दुसरा, मधली शीर म्हणजे केसाएवढी कापलेली पट्टी. क्वचित कुठे जलरंगाचा हात. प्रत्येक चित्राला लिनियसच्या पद्धतीचं शास्त्रीय नाव लावलेलं आहे, आणि ते नाव मिरवण्यापुरतं नाही. लिनियसनं फुलझाडांची वर्गवारी पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केली होती. पुंकेसर पाच की सहा यावरून झाडाचा वर्ग ठरे. म्हणजे कात्री चालवण्याआधी बाईंना फूल उकलून मोजावं लागे आणि मग तितकेच कागदी धागे कापावे लागत. हे नेमकेपण बँक्ससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही मानावं लागलं होतं.

त्यांच्या वयाचं कौतुक सगळेच करतात. मला ते दुय्यम वाटतं. आधीची कैक वर्षं या बाई रेशमावर फुलं भरत होत्या, शिंपले चिकटवून भिंती सजवत होत्या, काळ्या कागदाची सावलीचित्रं कापत होत्या. हात तयार होता. पाकळीशी रंग जुळणारा कागद इतर कुणाच्या टेबलावर असता तरी तो नुसता कागदच राहिला असता.

चित्रकलेचे इतिहासकार कोलाजची सुरुवात एरवी १९१२पासून मोजतात. त्या वर्षी पिकासोनं खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्राला चिकटवून भोवती दोर गुंडाळला, आणि ब्राकनं आविन्यो गावातल्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून चित्रात वापरला. आपल्याकडच्या लाकडी छटेच्या सनमायकाचा तो पूर्वज म्हणायचा. त्यामागचे त्यांचे प्रश्न वेगळे होते, खोल होते. पण कागदाच्या तुकड्यांनी जग रचता येतं हे एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या एकशे चाळीस वर्षं आधी दाखवून ठेवलं होतं. बाईंचं काम हस्तव्यवसाय ठरलं आणि पिकासो-ब्राकचं काम कला ठरलं. या भेदभावाबद्दल लेखिकेनं पुस्तकात चकार शब्द काढलेला नाही. मी असतो तर एक प्रकरण भांडण्यात घालवलं असतं, आणि पुस्तक तेवढं वाईट झालं असतं.

आता पुस्तकातल्या कामांकडे वळतो. मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण सह्याद्रीचं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि आपला डोंगर बनला. त्यातले काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून आत जातो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, म्हणून घाटातून जाताना डोंगराला आडव्या पट्ट्या दिसतात. पावसाळ्यात त्या पट्ट्यांच्या काठांवर गवत धरतं आणि मधले कडे काळे ओले राहतात. हा डोंगर रंगवायला गेलं की बहुतेकांच्या हातून तीन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य होतो. लेखिका ब्रश हातात देतच नाही. ती खोक्याचा पुठ्ठा आडवा फाडायला लावते. एक पट्टी फाडलेली, एक कापलेली, पुन्हा एक फाडलेली, अशा एकावर एक. फाडलेली कड झिजलेल्या थरासारखी आत-बाहेर होते, कापलेली कड कड्यासारखी ताठ उभी राहते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा आत गेलेला बाक हवा असेल तर पुठ्ठ्याच्या लाटा उभ्या धरून तो आतून दाबायचा, मग तो आपणहून तसा वळतो. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की खालच्या लाटा उघड्या पडतात. पायथ्याच्या भातखाचरांसाठी वेगळं काही करावं लागत नाही. रंग सगळ्यांत शेवटी, आणि तोही नावापुरता.

कासच्या पठारासाठी हेच सामान चालत नाही. तिथे कातळावर मातीचा पातळ थर, त्यामुळे झाडं ठेंगणी आणि फुलं बारीक. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान ती हजारोंनी येतात. एकेक फूल काढत बसलं तर पठार दिसत नाही, नुसते रंगाचे ठिपके दिले तर फुलं दिसत नाहीत. इथे लेखिका सुई-दोरा काढते. गेंदाचं फूल म्हणजे बारीक देठावरचं पांढरं बटण. गाठीच्या टाक्यानं ते जसं उठतं तसं कुठल्याच ब्रशनं उठत नाही, कारण गाठ पृष्ठभागाच्या वर येते आणि तिची सावली पडते. सीतेच्या आसवांसाठी जांभळ्या दोऱ्याचा एक सैल फास पुरतो. खालचा कातळ म्हणजे जुन्या धोतराची घडी, चहात बुडवून वाळवलेली आणि धावदोऱ्यानं शिवलेली. गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे तंत्र नव्यानं शिकवायची गरज नाही. धावदोरा ओढला की कापडाला बारीक सुरकुत्या पडतात हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. त्या सुरकुत्या म्हणजेच पठार, एवढं फक्त सांगावं लागतं.

वडाच्या पारंब्यांचं पान वाचून मात्र मी सुतळीचा गुंडा शोधायला उठलो. सुतळीचा पीळ टोकाशी उलगडला की तिचे तंतू पारंबीच्या टोकासारखेच फुटतात. पीळ घट्ट राहिलेला भाग जुन्या, खोड झालेल्या पारंबीचा.

सामान बदललं की चित्रही बदलतं याचा मोठा दाखला आपल्याच राज्यातला आहे. वारली चित्रं मुळात लग्नघरच्या भिंतीवर, शेणानं सारवलेल्या, गेरू लावलेल्या कुडावर, सवाशिणी काढत. तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी, एवढंच साहित्य. लग्न झालं की चित्राचं काम संपे आणि भिंत पुन्हा सारवली जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर कागद घेऊन गेले. त्याआधी बिहारमधल्या मिथिलेतही त्यांनी बायकांच्या हाती कागद दिला होता. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे या कागदावर रोज चित्रं काढू लागले, लग्न असो-नसो. कागद घडी करून नेता येतो, विकता येतो आणि मुख्य म्हणजे टिकतो. चित्रातून लग्नाचा चौक मागे पडला आणि त्याच्या जागी मासेमारीचं जाळं, मुंग्यांची वारुळं, शेतं, गोष्टी आल्या. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कागद आला म्हणून काही हरवलं का, यावर वाद होऊ शकतो. मला वाटतं हरवलं, आणि तरीही मशांचं जाळं पाहिल्यावर तक्रार करवत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: त्यांनी पांढराशुभ्र कागद तसाच कधी स्वीकारला नाही. त्यावर शेणाचा किंवा गेरूचा हात फिरवून आधी त्याची भिंत केली.

स्वयंपाकघरातल्या रंगांचं प्रकरण मुलांना आवडेल, मोठ्यांनी ते जरा सावधपणे वाचावं. हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवलं आणि त्यावर चुन्याच्या निवळीनं रेघ ओढली, तर रेघ लालभडक उमटते. कुंकू पूर्वी याच गुणावर बनत असे. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यावर लिंबू पडलं की गुलाबी-लाल, सोडा पडला की हिरवट. एकाच फुलातून दोन ऋतू निघतात. पण हळदीचा रंग उन्हात उडतो आणि फुलांचे रंगही फार दिवस थांबत नाहीत, हे लेखिकेनं स्पष्ट सांगितलेलं आहे. टिकाऊ काळा हवा असेल तर तिची कृती जुनी आणि खात्रीची आहे: हिरड्याच्या किंवा चहाच्या पाण्यात, गंजके खिळे घालून ठेवलेल्या व्हिनेगरचे थेंब सोडायचे. तुरट पाण्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की करडा, मग काळा रंग चढतो. ओल्या झाडाच्या सालीची छटा यातून जशी येते तशी बाटलीतल्या काळ्यातून येत नाही. इथे मी एक पुस्ती जोडतो. याच जातीच्या शाईनं युरोपातले कित्येक जुने कागद खाऊन टाकले आहेत, अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत. आपल्या पोथ्यांची शाई काजळाची, म्हणून ती अजून काळीभोर आहे आणि कागदही शाबूत आहे. तेव्हा फार जपायचं चित्र असेल तर काजळ बरं.

कागदाच्या निवडीबद्दलही असंच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, म्हणून उजेडात तो काही दिवसांतच पिवळा पडायला लागतो आणि पुढे तपकिरी, ठिसूळ होतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाला हा रोग नाही. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा कागद ज्यांनी वापरला आहे त्यांना त्याचा जाडसर, तंतुमय स्पर्श आठवेल. पण लेखिका वर्तमानपत्र टाळायला सांगत नाही. सुकलेलं गवत, वाळका पाचोळा, उन्हाळ्यातलं माळरान जिथे हवं तिथे ती मुद्दाम तोच कागद वापरते आणि चित्राला पिकू देते. पाच वर्षांनी हे माळरान आजच्यापेक्षा जास्त वाळलेलं असेल. हा विचार मला फार आवडला.

एका बाबतीत तिचं-माझं जमत नाही. सातव्या प्रकरणात ती खरी पानं दाबून, वाळवून चित्रात चिकटवते आणि वर वॉर्निश देते. माझं म्हणणं, चित्रात खरं पान आलं की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. बाकीचा कागद, दोरा, कापड पानाचं सोंग घेऊन उभे असतात आणि मध्येच हे अस्सल पान येऊन सगळ्यांचं सोंग उघडं पाडतं. शिवाय हरितद्रव्य मोडतं, पान तपकिरी होतं, आणि वॉर्निश ते थांबवू शकत नाही. लेखिका ऐकत नाही. आणि डेलनीबाईंनीही काही चित्रांत खरं पान चिकटवलेलं आहे, म्हणजे मीच आणलेली साक्षीदार तिच्या बाजूची निघाली. आमचा समझोता पानाच्या ठशावर झाला. पानाची मागची बाजू, जिथे शिरा वर आलेल्या असतात, तिला रंग लावून कागदावर दाबायची. पान निघून जातं आणि शिरांचं जाळं मागे राहतं. त्या प्रकरणाचा हा उत्तरार्ध सुरेख आहे. एक सूचना तिनं केली आहे ती मात्र विनातक्रार पाळावी: पानं-फुलं गळून पडलेली तेवढीच घ्यायची, आणि कासवरून काहीच आणायचं नाही.

बिनोद बिहारी मुखर्जींचा उल्लेख पुस्तकात ओझरता आहे, तो मोठा असायला हवा होता. शांतिनिकेतनच्या या चित्रकाराची दृष्टी मुळातच अधू होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेनंतर तीही पूर्ण गेली. त्यानंतर ते रंगीत कागद कापून, बोटांनी कड चाचपून, चिकटवून चित्रं रचत राहिले. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा लघुपट केला. कागदाची कड डोळ्यांइतकीच बोटांनाही कळते हे ज्यांना पटत नाही त्यांनी ती कागदचित्रं पाहावीत. या पुस्तकातला डोळे मिटून कागद फाडायचा सराव मला आधी पोरकट वाटला होता. मुखर्जींची आठवण झाल्यावर तो वगळू नका असं मीच लेखिकेला कळवलं.

शाळांतल्या चित्रकला शिक्षकांच्या हाती हे पुस्तक पडावं अशी माझी इच्छा आहे, पण एका अटीवर. सगळ्या वर्गानं एकाच मापाचं, एकाच रंगाचं फुलपाखरू करून भिंतीवर ओळीनं लावलं, तर पुस्तक वाया गेलं असं समजावं. बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर मी हे बोलतोय. तपासायला सोपं पडतं म्हणून आम्ही शिक्षक तसंच करवून घेतो. तयार किट विकत आणणाऱ्या पालकांचंही तेच. डब्यातून कापलेली पानं आणि शेजारी गोंदाची ट्यूब निघाली, की पोराला पाहण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

कुठून सुरुवात करावी हे विचारणाऱ्यांसाठी: पहिली दोन प्रकरणं साहित्याची यादी आहेत, ती नंतर वाचली तरी चालतात. तिसऱ्यातलं कागद फाडणं आधी करा. यंत्रावर बनलेला कागद एका दिशेनं सरळ फाटतो आणि आडव्या दिशेनं वेडावाकडा. कोणती दिशा कोणती हे कळेपर्यंत जुन्या वह्यांची पानं फाडत राहा. मग चिकटवण्याकडे वळा. फेव्हिकॉल पाण्यातला आहे, तो लावला की पातळ कागद फुगतो आणि सुरकुततो. सुरकुती नको असेल तर थर पातळ द्या आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवा. नदी किंवा समुद्र करत असाल तर सुरकुती राहू द्या. मोठ्या कामाला घरची मैद्याची खळ स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि झुरळांना ती आवडते. पुस्तकबांधणी करणारे त्यासाठी खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. तुम्हीही घाला, पण मोरचूद विषारी आहे. अशी खळ मुलांच्या हाती देऊ नका, आणि ज्या पातेल्यात ती शिजवाल ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.